ओरखडा असलेली लेन्स

अण्णा,

तुमच्या कॅमेऱ्याला लेन्स घेतली. दुसऱ्याने वापरलेली आहे, तुमच्या लेन्सपेक्षा लहान आहे आणि तिच्या पुढच्या काचेवर एक ओरखडा आहे. तुम्ही असतात तर आधी त्या ओरखड्यावरच बोट ठेवलं असतंत, म्हणून तो पहिल्यांदाच सांगून टाकते. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहायला बसले ती लेन्सबद्दल. पण तुमच्याशी बोलायचं म्हणजे कशाबद्दल तरी बोलावं लागायचं. मुलीशी नुसतं बोलत बसणं तुम्हाला जमायचं नाही, आणि मुलगीही तुमच्यावरच गेली.

गेल्या वर्षी मी सरकारी दवाखान्यातली नर्सची नोकरी संपवून गावी आले. मुलं आपापल्या कामाला लागली आहेत, त्यामुळे आगरदांड्याच्या अलीकडच्या आपल्या घरात आता आई आणि मी, दोघीच. आई ब्याऐंशीची आहे. कान शाबूत आहेत, गुडघे गेले आहेत, आणि चुलीपुढून उठवलेलं अजून खपत नाही. मी आल्यावर आठवडाभरात तिने भाकरी थापता थापता सांगितलं, "माझा एक बरा फोटो काढून ठेव गो. मागनं धावाधाव नको." मी म्हटलं, आत्ता काढते, आणि मोबाइल पुढे केला. तिने पिठाचा हात वर केला. "ह्याच्यात नको. तुझ्या बापाच्या कॅमेऱ्यात काढ."

तिला असं का वाटावं ते मला माहीत आहे. तुम्ही गेलात तेव्हा हाराला फोटो नव्हता. खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घालतात त्या खारबांधाच्या कामावर मुकादम होतात, फुटलेल्या प्रत्येक बांधाचा फोटो काढलात, जयंतीच्या सकाळी विहारासमोर सगळ्या वस्तीला उभं करून दरवर्षी फोटो काढलात, पण कॅमेरा कायम तुमच्या हातात, म्हणून तुम्ही एकातही नाही. शेवटी ऑफिसच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात तुमच्या डाव्या खांद्यावर निळा शिक्का आहे. तो अजून भिंतीवर आहे, आणि आई सव्वीस वर्षं त्या शिक्क्याकडे बघत जेवते आहे. तिला तसं नको होतं, इतकंच.

कपाटाची चावी तिच्या कमरेला असते. तिने ती दिली, मी खालचा कप्पा उघडला. तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला त्या दुपारी मीच तो कॅमेरा पुसून त्याच्या चामड्याच्या कव्हरात घातला होता, बटणं लावली होती, वरून प्लॅस्टिकची पिशवी, आणि पिशवीभोवती आईचं जुनं पांढरं लुगडं. किती नीट ठेवलंय, असं तेव्हा मला वाटलं होतं. आता लुगडं सोडलं, पिशवी सोडली, आणि वास आला. पावसाळ्यात बंद राहिलेल्या शाळेचा असतो तसा. कव्हरावर हिरवट पांढरी पूड धरली होती. लेन्स उजेडाकडे धरली तर आत काचेच्या कडेपासून मध्यापर्यंत बारीक बारीक तंतू पसरलेले, डोळ्याच्या पांढऱ्यात लाल शिरा दिसतात तसे. मी घसा बघायची माझी टॉर्च आणली आणि मागून उजेड टाकला. सगळी काच धुरकट.

मग मला तो डबा आठवला. तुम्ही कॅमेरा कव्हरात कधीच ठेवत नव्हतात. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात तळाशी भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी आणि वर फडक्यात कॅमेरा. महिन्याला तांदूळ बदलायचे. आई कुरकुरायची की खायच्या तांदळात हा कसला वाटेकरी. एकदा, मी सातवी-आठवीत असेन, शाळेतल्या मैत्रिणींना दाखवायला मी कॅमेरा कव्हरात घालून गळ्यात अडकवून फिरले आणि तसाच खुंटीला टांगला. तुम्ही कामावरून आलात, पाय धुतलेत, खुंटीकडे बघितलंत. ओरडला नाहीत. कव्हराचं बटण काढून आतला भाग माझ्या गालाला लावलात. "लागतंय ओलं? चामडं पाणी पितं. खाडीकाठचा वारा हाय हा. दिसायला चांगलं आणि ठेवायला चांगलं, दोन येगळी." गालाला लागलेला तो ओला थंडपणा मी विसरले नव्हते. विसरले होते ते त्याचं कारण. तुम्ही नसताना तुमच्या कॅमेऱ्याला मी दिसायला चांगलं तेच केलं.

आईला म्हटलं, लेन्स माझ्यामुळे गेली. ती म्हणाली, "गेली तर दुसरी बसव. तुझ्या बापानं पण दुसऱ्याचाच घेतलेला." ते खरंच. तुमच्या ऑफिसातल्या इंजिनिअर साहेबांनी बदली झाल्यावर तो जपानी कॅमेरा तुम्हाला दिला होता. आधी तुम्ही त्यांच्यासाठी तो नुसता बांधावरून वाहून न्यायचात, मग एकदा त्यांचा पाय मुरगळला म्हणून चिखलात उतरून फोटो तुम्ही काढलात, आणि तिथून पुढे साहेब छत्री धरायचे आणि फोटो तुम्ही काढायचात. ही गोष्ट तुम्ही दर वेळी तितक्याच गंभीरपणे सांगायचात.

मग मी एस.टी.ने अलिबाग, तिथून मांडवा आणि मांडव्याहून लाँचने मुंबईला गेले. फोर्टात एका जिन्याखाली जुने कॅमेरे दुरुस्त करणारे एक बोहरी चाचा बसतात. पांढरी दाढी, डोळ्याला घड्याळवाल्यांचं भिंग. त्यांनी कॅमेरा कानाला लावून बटण दाबलं, पुन्हा दाबलं, आणि हसले. "बॉडी एकदम चांगली आहे बाई. शटर थोडं सुस्त झालंय, ते मी करून देतो." लेन्सकडे बघून मात्र मान हलवली. "ये गई. बुरशीनं काच खाल्ली. साफ केली तरी डाग राहणार." मी विचारलं, अशीच दुसरी मिळेल का. ते म्हणाले, मिळेल, पण ह्या लेन्सला घरातूनच हा आजार आहे, आज स्वच्छ दिसेल आणि दोन पावसाळ्यांत आतून धूर धरेल. मग त्यांनी खणातून एक रशियन लेन्स काढली. चांदीसारखी चकचकीत, आत जांभळी झाक, कुठे एक डाग नाही. पन्नासचीच, म्हणजे माणसाच्या नजरेला जेवढं दिसतं साधारण तेवढंच दाखवणारी, तुमच्या लेन्ससारखी. माझ्या आवाक्यातली. त्यांनी ती फिरवून कॅमेऱ्यावर बसवली. तेच आटे, बरोबर बसली. "पण एक बोलतो," चाचा म्हणाले. "रशियनचं माप थोडं वेगळं असतं. लांबचा फोटो चालेल. जवळचा घेताना चेक करा. नाही जमलं तर परत आणा." मी हो म्हटलं आणि खरं तर ऐकलं नाही. चकचकीत काच बघून मन भरलं होतं. तीच चूक, अण्णा, दुसऱ्यांदा.

गावी आल्यावर आईला दारात बसवलं. कॅमेऱ्याच्या बारीक खिडकीला डोळा लावला तर आतल्या पिवळ्या चौकोनात आई दोन दिसल्या, एक खरी आणि तिच्या बाजूला एक पुसट. मला एकदम आपलं जुनं स्वयंपाकघर दिसायला लागलं. मी स्टुलावर उभी आहे. आई चुलीवर बोंबील भाजते आहे, धुराने माझे डोळे चुरचुरतात. तुम्ही माझ्या मागे उभे आहात, कॅमेरा माझ्या हातात आणि तुमचे हात माझ्या हातांखाली. "आया किती दिसतात?" "दोन." "मग एक कर. फिरव हळूहळू. पुढे गेली? मागे आण." पुसट आई सरकत सरकत येते आणि खरीच्या आत शिरते, नाकावर नाक, कुंकवावर कुंकू. तुम्ही म्हणता, "आता दाब." मी त्याआधीच दाबलेलं असतं. फिल्म महाग होती. जेवण झाल्यावर हात धुताना म्हणालात, "एक झाली का बघितल्याबिगर दाबलंस. बघून दाबायचं. न्हायतर बघायचं कशाला?" पुढे दवाखान्यात नवीन मुलींना शीर शोधायला शिकवताना मी हेच वाक्य वापरलं, सुईसाठी.

ह्या वेळी मी बघून दाबलं. दोन आयांची एक होईपर्यंत थांबले, श्वास धरला, दाबलं. सगळा रोल आईवर घालवला. धुवायला मुंबईला पाठवला, तीन आठवड्यांनी आला. एकाही फोटोत आईचा चेहरा स्पष्ट नाही. तिच्या मागची दाराची चौकट मात्र अशी की लाकडाची रेघन् रेघ मोजावी. आईने फोटो लांब धरले, जवळ धरले, आणि म्हणाली, "चौकट बरी आली." मी मागल्या दारी जाऊन उगाच माडांना पाणी घालत बसले. मला वाटलं माझे डोळे गेले. चौतीस वर्षं ज्या नजरेवर पोट भरलं, ती आता समोरची आई धरू शकत नाही, चौकट धरते. मोतीबिंदू तपासून आले. डॉक्टर म्हणाले, तुमच्या वयाला आहे तेवढाच आहे.

चाचांना फोन लावला. ते म्हणाले, रोल फुकट घालवू नका, कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडा, जिथे फिल्म असते तिथे ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा, शटर उघडं धरा, आणि भिंगातून कागदावर बघा. मी कॅमेरा ओट्यावर खुर्चीवर ठेवला, कागद लावला, डोक्यावरून काळी शाल घेतली. कागदावर आई उलटी उमटली. पाय वर, डोकं खाली, मागे उलटी चौकट, आणि उलट्या आईच्या हातात उलटी सुपारी. इतकं सुंदर काही मी खूप दिवसांत बघितलं नव्हतं. "काय गो, दिसते का मी?" ती विचारते आहे, आणि कागदावर तिचा जबडा वरच्या बाजूला हलतो आहे. मी खिडकीतून दोन आया एक केल्या, परत कागदावर बघितलं. आई धुरकट, चौकट स्पष्ट. मग खिडकीतलं सोडून दिलं आणि कागदावर बघत लेन्स थोडी पुढे फिरवली. आई स्पष्ट झाली, कपाळावरचं गोंदण दिसलं. पुन्हा खिडकीतून बघितलं तर दोन आया. म्हणजे माझे डोळे बरोबर होते. कॅमेरा एक सांगत होता आणि लेन्स दुसरंच करत होती. त्या दिवशी मी दोन चहा प्यायले.

थोडे दिवस वाटलं, ठीक आहे, दोनाची एक झाली की अंदाजाने थोडं पुढे फिरवायचं आणि दाबायचं. करूनही बघितलं. पण ते मला रुचेना. दर वेळी खिडकीत जे दिसतंय ते खोटं आहे हे धरून चालायचं, आणि समोर आई. लेन्स परत द्यायला गेले तेव्हा चाचांनी एका शब्दाने विचारलं नाही. फक्त म्हणाले, "तुमच्याच वाटेवर किहीमला एक साहेब राहतात. दोन लेन्स विकून टाकायच्या म्हणतात. एकीवर ओरखडा आहे म्हणून माझे गिऱ्हाईक परत आले. तुम्ही बघा."

किहीमला नारळाच्या वाडीत एक बैठी बंगली आहे, रस्त्यावरून दिसत नाही. गृहस्थ ऐंशीच्या पुढचे, अर्धी चड्डी आणि इस्त्रीचा शर्ट. उजवा हात सारखा कापत होता. माझं लक्ष हातावर गेलेलं त्यांनी बघितलं. "म्हणूनच विकतोय," ते म्हणाले. "फोकस धरता येत नाही. धरला तर टिकत नाही." मी नर्स होते म्हटल्यावर त्यांनी मला सिस्टर म्हणायला सुरुवात केली आणि औषधं कोणती चालू आहेत ते सगळं सांगितलं. मग दोन लेन्स टेबलावर ठेवल्या. एक मोठी, जड, पुढची काच वाटीएवढी. "ही अंधारात बघते," ते म्हणाले. दुसरी लहान, पेढ्याच्या खोक्यात राहील एवढी, उजेड कमी घेणारी, आणि पुढच्या काचेवर कडेजवळ नखभर ओरखडा. "चार जण आले. ओरखडा बघितला आणि चहा पिऊन गेले. कोणी आतून बघितलंच नाही."

मी आतून बघितलं. टॉर्च मागून टाकली, तिरपी टाकली, पुढून टाकली. धुळीचे दोन-चार कण, बाकी काच स्वच्छ, एक तंतू नाही, धूर नाही. आतल्या पात्या उघडमिट करून बघितल्या, कोरड्या होत्या, तेल नव्हतं. फोकसची कडी फिरवली, मधाच्या बाटलीतला चमचा फिरावा तशी, सावकाश आणि सगळीकडे सारखी. मोठी लेन्सही तशीच बघितली. तिचा मोह झाला, खोटं कशाला सांगू. किंमतही ते ओढाताण करून परवडेल एवढी खाली आणायला तयार होते. मी पिशवीतून तुमचा कॅमेरा काढला, ट्रेसिंग पेपर काढला. ते बघतच राहिले. "हे कोणी शिकवलं?" मी म्हटलं, गरजेने. त्यांना व्हरांड्यात खुर्चीवर बसवलं, दोन-अडीच हातांवर. मोठी लेन्स पूर्ण उघडी ठेवून बघितली तर त्यांच्या पापण्या स्पष्ट आणि कान धुक्यात, आणि ते श्वास घेताना जरा मागे झाले की पापण्याही गेल्या. लहान लेन्सने बघितलं. खिडकीत दोनाचे एक झाले, कागदावर बघितलं, तर तिथेही तेच एक. नाक, डोळे, कान, कॉलर. पुन्हा लांबून केलं, वाडीच्या फाटकाजवळून केलं. प्रत्येक वेळी खिडकी आणि कागद एकच सांगत होते.

"मोठी घ्या सिस्टर," ते म्हणाले. "मन दाखवते माणसाचं. लहान नुसतं तोंड दाखवते."

मी म्हटलं, "काका, मला आईचा फोटो काढायचाय. तिचं मन मला माहीत आहे. तोंड नीट यायला हवं."

ते खूप वेळ हसले. हसताना हात जास्तच कापायला लागला, तो त्यांनी दुसऱ्या हाताने धरला. मग म्हणाले, "आणि ओरखडा?" मी म्हटलं, आमचा विहार पूर्वेला तोंड करून आहे, सकाळी लोक उन्हाकडे बघतात आणि ऊन माझ्या पाठीशी असतं. काचेवर समोरून ऊन आलं तर ओरखडा फोटो फिका करेल, पाठीमागून आलं तर त्याचं काही चालणार नाही. त्यांनी तुमच्याबद्दल विचारलं. मी सांगितलं, खारबांधावर मुकादम होते. त्यांनी तुमचा कॅमेरा मागून घेतला, माझ्या हाताखाली आपला हात ठेवून खिडकीतून बघितलं. त्यांच्या बागेतली कर्दळ बघत होते बहुतेक. मी कॅमेरा घट्ट धरून ठेवला होता, त्यामुळे त्यांना कापरं जाणवलं नसेल. "झाली एक," ते म्हणाले, आणि तरी डोळा काढला नाही. निघताना लहान लेन्स त्यांनी पेढ्याच्या खोक्यातच घालून दिली. मोठी अजून त्यांच्याकडे आहे. ती विकू नका असं मी सांगून आले. त्यांना ते ऐकायचंच होतं असं वाटलं.

घरी आल्याबरोबर आईकडून तांदूळ मागितले. तिने न विचारता भाजून दिले.

जयंतीच्या सकाळी विहारासमोर कॅमेरा घेऊन गेले. तुम्ही गेल्यापासून वस्तीचा फोटो निघाला नव्हता. म्हणजे मोबाइलवर हजार निघाले असतील, पण सगळ्यांनी एका वेळी एका जागी उभं राहून निघालेला एकही नाही. अर्धी घरं आता पनवेल आणि नवी मुंबईकडे असतात, सकाळी गाड्या घेऊन येतात आणि जेवून परत जायची घाई. पांढरे कपडे, निळे झेंडे, लाऊडस्पीकर. मी माणसं लावायला सुरुवात केली. पुरुष आपोआप खुर्च्यांवर बसले आणि बाया मागे जाऊन उभ्या राहिल्या, तुमच्या वेळेला राहायच्या तशाच. मी सगळ्यांना उठवलं. म्हाताऱ्या बाया खुर्च्यांवर, पोरं खाली, पुरुष मागे पायऱ्यांवर. थोडी कुरबुर झाली. "अजून किती येळ गो? ऊन लागतंय," मागून कोणीतरी म्हणालं. आई मधल्या खुर्चीतून मागे न बघता म्हणाली, "हिच्या बापानं तास तास उभं केलंय तुमच्या बापांना. उभे ऱ्हावा गप." सगळी वस्ती हसली आणि मी तेव्हा दाबलं. बघून दाबलं. मग एक गंभीर काढला, तुमच्यासाठी.

लोक जेवायला पांगले. आई खुर्चीतच बसून होती. पांढरी साडी, केसांना तेल, हातात काठी. "आता माझा काढ," ती म्हणाली. मी दोन-अडीच हातांवर गुडघे टेकून बसले. ती एकदम ताठ झाली आणि ओठ मिटून घेतले. मी म्हटलं, "अशी का बसलीस?" ती म्हणाली, "तुझ्या बापाला हसलेलं चालायचं न्हाय. म्हणायचा, दात हालतात." आणि ते सांगताना तिलाच हसू आलं. दोन आया जवळ आल्या, एक झाल्या. ती माझ्याकडे बघत नव्हती, कॅमेऱ्याकडे बघत होती, तुम्ही मागे असल्यासारखी. मी एकच फोटो काढला.

ह्या वेळी रोल घेऊन मी स्वतः गेले आणि धुऊन होईपर्यंत तिथेच बाकावर बसून राहिले. फोटो आला आहे अण्णा. गोंदण दिसतं, पापण्या दिसतात, पुढचा पडलेला दात दिसतो. आईने तो मांडीवर ठेवून पदराने काच पुसावी तसा पुसला, अजून फ्रेम नव्हती तरी. "ही मीच हाय व्हय?" म्हणाली. मग बराच वेळ बघून, "बरा हाय. पण एवढ्यात लावायचा न्हाय सांगून ठेवते." आता तो तिच्या उशाशी कपाटात असतो आणि कोणी आलं की बाहेर येतो. शेजारणी बघून जातात. आठवड्यात चौघींनी मला त्यांचेही काढायला सांगितलं आहे, त्याच कारणासाठी, आणि त्याच आनंदाने. परवा त्यातली पहिली येणार आहे. नवी साडी नेसू का विचारत होती.

एक सांगायचं आहे. वस्तीचा फोटो शेजारी ठेवून बघावा म्हणून मी तुमचे जयंतीचे सगळे फोटो त्यांच्या डब्यातून बाहेर काढले आणि ओट्यावर ओळीने मांडले. मी आयुष्यभर दवाखान्यात सगळ्यांना सांगत आले, माझे वडील फार चांगले फोटो काढायचे. ते फोटो मी लहानपणी बघितले होते, त्यानंतर नीट आत्ताच बघितले. अण्णा, ते फार चांगले नाहीत. दोन-तीन हललेले आहेत. एकात विहाराचं शिखर कापलं गेलं आहे, एकात मागच्या रांगेतल्या सगळ्या बायांच्या तोंडावर डोक्यावरच्या पदरांची सावली आहे, आणि त्यांत मी कोणती ते मला स्वतःला ओळखता आलं नाही. बांधांचे फोटो मात्र उत्तम. बांध हलत नाहीत. मी ते सगळे परत डब्यात ठेवले, क्रमाने, आणि कितीतरी वेळ मला हसू येत राहिलं, कारण इतकी वर्षं मी मनातल्या मनात तुमच्या बरोबरीला यायचं बघत होते आणि तुम्ही तेवढ्या उंचीवर नव्हताच. मी काढलेला आईचा फोटो तुमच्या सगळ्या फोटोंपेक्षा चांगला आला आहे. हे मी आईला सांगितलेलं नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणून तुम्हाला सांगते आहे. तुम्ही समोर असतात आणि विचारलं असतंत, तर मी म्हणाले असते, बरा आला, पण तुमच्यासारखा नाही.